खुपरी, माशी आणि गावची हागणदारी

'खुपरी' हा शब्द आजच्या तरुण वाचकांपैकी किती जणांनी ऐकला असेल, कोण जाणे. घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिला विचारा, तिला तो ठाऊक असण्याचा संभव आहे. पापणीच्या आतल्या बाजूला दाणे येतात आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखे सतत खुपत राहते, असा हा आजार. इंग्रजीत त्याला ट्रॅकोमा म्हणतात. तो शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थही 'खरखरीतपणा' असाच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक महत्त्वाची घोषणा केली. भारतात खुपरी ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही, असे संघटनेने अधिकृतपणे मान्य केले. आग्नेय आशिया विभागात आपल्या आधी नेपाळ आणि म्यानमार या दोनच देशांना हा मान मिळाला होता. एका काळी लाखो लोकांना आंधळे करणारा रोग आपण हटवला, ही लहान गोष्ट नाही. पण देवी निघाल्या किंवा पोलिओ गेला तेव्हा जेवढी चर्चा झाली, तेवढी या बातमीची झाली नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती.

त्यानंतर शेजारच्या एका गावात ग्रामसभेला बोलावणे आले असता मी हा विषय काढला. तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, संडासाचा पोटाशी संबंध आहे हे आम्हाला कळतं. जुलाब, कॉलरा, जंत हे सगळं ऐकलंय. पण डोळ्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. सभेत वेळ थोडा होता, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर येथे देत आहे.

आंधळेपण एका दिवसात येत नाही

खुपरी हा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या अतिसूक्ष्म जंतूमुळे होणारा रोग. लागण मुख्यतः लहान मुलांना होते, त्यातही शाळेत न जाणाऱ्या वयातल्या मुलांना. डोळे लाल होतात, चिपडे येतात, उजेड सहन होत नाही. वरची पापणी उलटून पाहिली तर आत पांढुरके दाणे दिसतात. विद्यार्थिदशेत आम्हाला शिकवताना ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात असे सांगत, आणि ती उपमा अगदी चपखल आहे.

अशी लागण एकदा झाली आणि बरी झाली, तर सहसा डोळ्याचे कायमचे नुकसान होत नाही. येथेच या रोगाचे मर्म आहे, म्हणून वाचकांनी जरा थांबून हे नीट समजून घ्यावे. मूल बरे होते, पुन्हा लागण होते. पुन्हा बरे होते, पुन्हा लागण होते. असे वर्षानुवर्षे, सारे बालपणभर चालते. प्रत्येक वेळी पापणीच्या आतल्या नाजूक अस्तरावर थोडा थोडा व्रण राहतो. मूल मोठे होते, लग्न होते, संसार होतो आणि तिशी-चाळिशीत ते जुने व्रण आकसू लागतात. भाजलेली कातडी बरी होताना जशी ओढली जाते, तशी पापणी आतल्या बाजूला ओढली जाते. मग पापणीचे केस बाहेर राहण्याऐवजी आत वळतात आणि डोळ्याची प्रत्येक उघडझाप होताना बुबुळावर घासू लागतात. दिवसातून हजारो वेळा. बुबुळावर ओरखडे पडतात, जखमा होतात, त्या चिघळतात आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. काचेला आतून चुना लावावा तशी ती खिडकी बंद होते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही.

म्हणजे ज्या बाईचा डोळा साठाव्या वर्षी गेला, तिचा आजार खरे तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सुरू झालेला असतो. मी 'बाई' म्हटले ते सहज नाही. खुपरीने आंधळेपण येण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या चौपटीपर्यंत आढळते. कारण उघड आहे. आधी आई म्हणून, मग आजी म्हणून, लागण झालेले मूल तिच्याच कडेवर असते, तिच्याच कुशीत झोपते आणि तिच्याच पदराने डोळे पुसून घेते. स्वतःच्या लहानपणच्या लागणीत ही दुसऱ्यांच्या लहानपणची भर.

आता पाहा, जो आजार एकदाच्या लागणीने आंधळे करत नाही, पुनःपुन्हा होणाऱ्या लागणीने करतो, त्यात एका मुलाला एकदा औषध देऊन काय साधणार? मलम लावले, दाणे गेले, मूल पुन्हा त्याच अंगणात त्याच भावंडांत खेळायला गेले. पंधरा दिवसांनी डोळे पुन्हा लाल. म्हणून या रोगात रोगी कोण, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की रोगी ते मूल नव्हे, ती वस्ती.

कोणती माशी?

मुलापासून मुलाकडे हा जंतू जातो कसा? बोटांनी जातो, एकाच टॉवेलने वा पदराने जातो, एका वाकळीखाली चार-पाच मुले झोपतात त्यातून जातो. आणि माशीच्या पायांवरून जातो.

माशी म्हटले की आपल्यासमोर घरातली माशी येते, भाकरीवर बसणारी. पण डोळ्यांच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार तिची एक चुलत बहीण आहे. शास्त्रीय नाव मस्का सॉर्बेन्स. इंग्रजीत तिला 'बाजार फ्लाय' असेही म्हणतात. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांत ती आढळते. तिला स्वयंपाकघराचे फारसे आकर्षण नसते. तिला हवा असतो ओलावा, तोही माणसाच्या चेहऱ्यावरचा. डोळ्याच्या कोपऱ्यातले पाणी, नाकातला शेंबूड, उघडी जखम. हाकलली तरी दोन सेकंदात परत तेथेच येऊन बसते. चिपडे आलेल्या मुलाच्या डोळ्यावरून उठते आणि शेजारच्या मुलाच्या डोळ्यावर बसते.

आता ग्रामसभेतल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. ही माशी अंडी कोठे घालते? उघड्या जमिनीवर पडलेल्या माणसाच्या विष्ठेत. ती तिची सर्वांत आवडती जागा. जनावरांच्या शेणातही ती थोडीफार वाढू शकते, पण माणसाच्या विष्ठेइतकी जोमाने नाही. अंड्यापासून उडती माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि महत्त्वाचे म्हणजे खड्ड्याच्या संडासात ती वाढत नाही. तिला उघड्यावरचीच जागा लागते. म्हणजे गावच्या पांदणीला, ओढ्याकाठी, शाळेमागे सकाळी जे काही पडते, तेथेच आठ-दहा दिवसांनी नातवाच्या डोळ्यावर बसणारी माशी जन्म घेते. संडासाचा आणि डोळ्याचा संबंध तो हा.

हे नुसते अनुमान नाही. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. तेथील खेड्यांमध्ये संशोधकांनी एक प्रयोग केला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. काही वस्त्यांत माश्यांवर कीटकनाशक फवारले, काही वस्त्यांत घरोघरी संडास बांधून दिले, काही जशाच्या तशा ठेवल्या. मग मुलांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या पकडून मोजल्या. फवारणीच्या वस्त्यांत या माश्या ८८ टक्क्यांनी घटल्या, संडासांच्या वस्त्यांत ३० टक्क्यांनी. फवारणीच्या वस्त्यांत खुपरीही निम्म्याहून जास्त घटली. संडासांच्या वस्त्यांतही ती कमी झाल्याचे दिसले, पण ती घट योगायोगाची नाही असे छातीठोकपणे म्हणण्याइतकी मोठी नव्हती.

कोणी म्हणेल, मग फवारणीच बरी की! पण फवारणी कायम चालू ठेवावी लागते, तिला पैसा लागतो, आणि माश्या कालांतराने त्या औषधाला दाद देईनाशा होतात. डासांच्या बाबतीत आपण हे पाहिलेच आहे. संडास एकदा बांधला की रोज काम करतो, आणि त्याचा फायदा डोळ्यांपुरता थांबत नाही.

येथे एका गोष्टीकडे खास लक्ष वेधायचे आहे. मोठी माणसे संडासात जाऊ लागली, पण 'लेकराच्या शीला काय होतंय' म्हणून ती अंगणात, गटारात किंवा उकिरड्यावर टाकणारी घरे अजूनही मी पाहतो. माशीला मोठ्याचे आणि लहानाचे असा भेद कळत नाही. उलट लहान मुलांची विष्ठा घराला लागूनच पडलेली असते आणि मुलेही तेथेच खेळत असतात. माशीला लांब जावेच लागत नाही. तेव्हा तान्ह्या मुलाची शी संडासात टाकावी. संडास नसेल तर खुरप्याने खड्डा करून वितभर मातीखाली पुरावी. एवढे केले तरी बरेच काम होते.

औषधाच्या आधीच गेलेला रोग

खुपरी हा गरीब आणि गरम देशांचाच रोग, असा एक समज आहे. तो खरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांबरोबर हा रोग युरोपभर पसरला. लंडनचे प्रसिद्ध मूरफील्ड्स नेत्र रुग्णालय १८०५ मध्ये सुरू झाले, त्यामागे हीच साथ होती. पुढे अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्या लोकांची न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर पापणी उलटून तपासणी होत असे आणि खुपरी आढळली तर माघारी पाठवत असत.

युरोपातून हा रोग हळूहळू ओसरला तो कशाने? जंतुनाशक औषधांनी नव्हे. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे चिनी शास्त्रज्ञ तांग फेइफान यांना जमले तेच मुळी १९५० च्या दशकात. त्याच्या आधीच युरोपातल्या बहुतेक शहरांतून खुपरी हटत चालली होती. घरात नळ आला, बंद गटारे झाली, एका खोलीत दहा माणसे झोपायची ती चार झोपू लागली, कपडे धुऊन वापरायची सोय झाली आणि रोगाला जागाच उरली नाही.

म्हणून औषधे कमी लेखावीत असे नाही. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खुपरीसाठी जी चतुःसूत्री स्वीकारली, तिच्यात चारही गोष्टी आहेत : वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक औषध, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा. औषध म्हणजे पूर्वी टेट्रासायक्लिनचे मलम दिवसातून दोनदा असे सहा आठवडे लावावे लागे. रडणाऱ्या मुलाच्या डोळ्यात सहा आठवडे मलम घालणे किती कठीण, हे ज्या आईने केले तिलाच विचारा. आता अॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस तोंडाने देऊन काम भागते. ज्या भागात रोग जास्त, तेथे सरकारमार्फत सगळ्या गावाला एकदम औषध देतात. पुन्हा तेच सूत्र पाहा : औषधसुद्धा रोग्याला नव्हे, वस्तीला.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात खुपरी फार जोरात आहे. तेथे चाळीस वस्त्या निवडून त्यांपैकी निम्म्यांत तीन वर्षे पाण्याची सोय, साबण, संडासांचा प्रचार आणि चेहरा धुण्याचे शिक्षण असा कार्यक्रम राबवला. २०२२ मध्ये निकाल आला, तेव्हा मुलांच्या डोळ्यांतल्या जंतूचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा कमी झालेले आढळले नाही. हे वाचून माझे काही व्यवसायबंधू 'बघा, स्वच्छतेने काही होत नाही' असे म्हणू लागले. मला तसे वाटत नाही. जेथे घरोघरी आग लागली आहे तेथे बादलीभर पाण्याने ती विझत नाही, पण म्हणून पाणी निरुपयोगी ठरत नाही. रोग जोरात असताना औषधाची जोड हवी. आणि तीन वर्षांत सवयी अर्ध्यामुर्ध्याच बदलतात. युरोपला याच कामाला दोन पिढ्या लागल्या.

आपल्या देशाचे काय? खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला आणि १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावून घेतला गेला. त्या काळी पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात येथे रोग फार होता. कोरडी हवा, धूळ आणि पाण्याचा तुटवडा ही त्या भागांतली समान गोष्ट. १९७१ मध्ये देशातल्या एकूण अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व खुपरीमुळे होते, ते आता १ टक्क्याच्याही खाली आहे. २०१४ ते २०१७ या काळात जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात पाहणी केलेल्या जिल्ह्यांतल्या मुलांमध्ये ताजी खुपरी अवघी ०.७ टक्के निघाली. औषधे, नळयोजना, डोळ्यांची शिबिरे, संडास, मुलींचे शिक्षण या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. कोणाचा किती, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

पण 'समस्या राहिलेली नाही' याचा अर्थ 'जंतू उरला नाही' असा नव्हे. एक ते नऊ वर्षांच्या मुलांत ताजी खुपरी ५ टक्क्यांच्या खाली असणे ही त्यासाठीच्या अटींपैकी एक अट आहे. बाहेर जगात आजही सुमारे १९ लाख लोक या रोगामुळे आंधळे किंवा अधू दृष्टीचे झालेले आहेत. आणि खुपरी गेली तरी त्याच माशीवर, त्याच बोटांवर आणि त्याच टॉवेलवर बसून येणारे डोळ्यांचे इतर जंतू कोठे गेले?

उसाच्या फडातली मुले

२०१४-१५ च्या गळीत हंगामात आमच्या तालुक्यात ऊसतोडणी मजुरांचा एक तळ पडला होता. साठेक कोप्या, बैल, गाड्या, वाढ्यांचे भारे आणि सगळीकडे मुले. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येई. संडास नावाची गोष्ट नव्हती, बायका पहाटे अंधारात उसात जात. एका ओळखीच्या शिक्षकाच्या आग्रहावरून मी आठवड्यातून एक दिवस तेथे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस मुलांचे डोळे चिकटलेले. ही खुपरी नव्हती. पापण्या उलटून मी स्वतः पाहिले होते, दाणे नव्हते. साधा जिवाणूंचा दाह. मलम दिले, चार दिवसांत डोळे स्वच्छ झाले. औषध योग्यच होते. तीन आठवड्यांनी त्यातलीच निम्मी मुले पुन्हा डोळे चोळत समोर उभी!

मुकादमाशी बोललो. तो म्हणाला, "चार महिन्यांचा तळ, त्याला संडास कशाला?" त्याचे उत्तर माझ्याआधी एका बाईने दिले. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन बघा की रात्री उसात." त्यानंतर फार चर्चा झाली नाही. शेजारच्या शेतकऱ्याने बांधालगतचा एक कोपरा वापरू दिला. पुरुषांनी एका सुट्टीच्या दिवशी दोन ठिकाणी कमरेइतके खोल चर खणले, पाचटाच्या तट्ट्या लावल्या आणि खणलेली माती बाजूलाच ठेवली. ज्याने जायचे त्याने वरून दोन फावडी माती लोटायची, एवढाच नियम. कोप्यांवर मुले सांभाळायला मागे राहणाऱ्या एका म्हातारीने लहानग्यांची शी पुरण्याचे काम आपणहून अंगावर घेतले. तिच्या हातात सदान्‌कदा खुरपे असे.

दीड महिन्यात मुलांच्या तोंडावरच्या माश्या नजरेत भरण्याइतक्या कमी झाल्या आणि डोळ्यांचे रोगीही कमी येऊ लागले. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. थंडी वाढली की माश्या तशाही घटतात, हे मी विसरलेलो नाही. पण मला पटलेली गोष्ट निराळीच होती. एका कोपीवाल्याने एकट्याने चर खणला असता तर त्याच्या मुलाला काही फायदा झाला नसता. माशी कोपी ओळखून बसत नाही. साठ कोप्या मिळून बाहेर बसणे थांबले तेव्हाच फरक पडला.

गावातही हेच लागू आहे. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली आपल्या राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. गुड मॉर्निंग पथकाला पाहून टमरेल टाकून पळणारे लोक मीही पाहिले आहेत. संडास खूप झाले, यात वाद नाही. पण काही संडासांत गोवऱ्या आणि जुनी सायकल ठेवलेली दिसते, काहींचे खड्डे भरल्यावर पुढे काय करायचे हे कोणालाच माहीत नसते. ज्यांच्याकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे त्यांनी एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करावा. पहिला निदान दीड-दोन वर्षे उघडू नये, आतल्या मैल्याचे खत होते. संडासाला वायू जाण्यासाठी नळी असेल तर तिच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. एकही घर बाहेर जाणारे राहू नये, म्हणजे पांदण खरोखर रिकामी होते. तळावरच्या, वीटभट्टीवरच्या आणि पालावरच्या लोकांची सोय हीही ग्रामपंचायतीने आपली जबाबदारी मानावी. ते मत देत नाहीत, म्हणून त्यांच्या माश्या गावात यायच्या थांबत नाहीत.

एका तांब्यात किती चेहरे?

"पाणीच नाही, तर तोंड कसलं धुता?" हे मी दुष्काळी गावांत नेहमी ऐकतो. बायका हंडा डोक्यावरून आणतात, तेव्हा त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण तोंड धुवायला किती पाणी लागते, हा अंदाज मात्र बहुधा चुकतो. एका अंगणवाडीत मी सर्वांसमोर एक लिटरचा तांब्या भरून घेतला. मुलाच्या ओंजळीत थोडे पाणी घालायचे, डोळे मिटून त्याने तोंडावरून फिरवायचे, पुन्हा थोडे घालायचे. त्या एका तांब्यात दहा मुलांची तोंडे धुऊन झाली आणि तळाला घोटभर उरलेही. बघायला आलेल्या आयांना हे खरे वाटेना, म्हणून पुन्हा करून दाखवले.

चेहऱ्याला साबण लागतोच असे नाही. पाण्याने चिपडे आणि शेंबूड निघाला की माशीला बसायला कारण उरत नाही. हातांना मात्र साबण हवा. तेलाच्या रिकाम्या डब्याला खालच्या बाजूला बारीक भोक पाडून त्यात खिळा खोचून ठेवला आणि डबा दाराशी टांगला, तर खिळा काढताच धार लागते आणि पाणी वाया जात नाही. टँकरच्या गावातही हे जमते. सांडपाण्यासाठी शोषखड्डा असावा, दाराशी डबके नको. आणि ज्या पदराने एका मुलाचा डोळा पुसला त्याने दुसऱ्याचा पुसू नये. फाटक्या जुन्या सुती धोतराचे तुकडे करून प्रत्येक मुलाला वेगळा द्यावा, धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. काजळाबद्दल माझे मत वाचकांना ठाऊक आहे. एकाच डबीतले काजळ एकाच बोटाने चार मुलांना घालणे म्हणजे जंतू वाटणे.

आता 'डोळे येणे' या साथीबद्दल थोडे. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये आळंदीपासून सुरुवात होऊन राज्यभर जी साथ पसरली, ती बहुतांशी विषाणूंची होती. तिच्यात माशीपेक्षा हात, रुमाल, उशी, एसटीचा दांडा आणि दाराची कडी यांचा वाटा मोठा. नुसते डोळे आलेल्या माणसाकडे पाहून लागण होत नाही. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ थांबवत नाही. थांबवतात ते वारंवार धुतलेले हात. तो आजार आठवडा-दोन आठवड्यांत बहुधा आपोआप बरा होतो, प्रतिजैविकाच्या थेंबांची त्याला सहसा गरज नसते. मेडिकलच्या दुकानातून 'लवकर उतार पडेल असे काहीतरी द्या' म्हणून स्टिरॉइडचे थेंब मात्र कधीही आणू नका. बुबुळाला जखम असेल तर त्या थेंबांनी डोळा जाऊ शकतो. डोळा दुखत असेल, दिसायला कमी झाले असेल, उजेड मुळीच सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा बाळ महिन्याच्या आतले असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

शेवटी घरातल्या आजीकडे वळू. नवी खुपरी आता आपल्याकडे क्वचित दिसेल, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या खुपरीचे व्रण अजून काही पापण्यांत आहेत. आजी दिवसभर डोळ्याला पदर लावून बसते का? डोळ्यातून पाणी गळते का? तिच्या बटव्यात सुपारीबरोबर एक छोटा चिमटा आहे का, आणि त्याने ती किंवा शेजारीण अधूनमधून पापणीचे केस उपटते का? मोतीबिंदूचे शिबिर येते तेव्हा असे रोगी 'तुमचा मोतीबिंदू पिकलेला नाही' एवढे ऐकून परत जातात आणि मूळ तक्रार तशीच राहते. उपटलेला केस परत येतो, तोही आखूड आणि टोकदार होऊन, आणि बुबुळाला जास्तच टोचतो. पापणीची दिशा बाहेर वळवण्याची शस्त्रक्रिया असते. ती फक्त पापणी बधिर करून करतात, भूल देऊन झोपवावे लागत नाही. आधीच पडलेले फूल तिने जात नाही, पण टोचणी थांबते आणि उरलेली नजर वाचते. आजीला उजेडात बसवा, तिला सरळ समोर पाहायला सांगा आणि पापण्यांचे केस कोणत्या दिशेला आहेत ते जवळून बघा. एखादा जरी आत वळून बुबुळाला लागलेला दिसला, तर या आठवड्यातच तिला ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या नेत्रविभागात घेऊन जा, आणि तेथे 'मोतीबिंदू' असे न सांगता 'पापणी आत वळली आहे' असे सांगा.